धूर वारेपलीकडे जातो तेव्हा

गरोदरपणातल्या धुराबद्दल वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

मला पाचवा महिना आहे. घर हमरस्त्याला लागून. गाड्यांचा धूर बाळाच्या डीएनएपर्यंत कसा पोहोचेल? मध्ये वार (प्लासेंटा) असते ना?

वार बरंच अडवते, सगळं नाही. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा अर्धवट जळला की ‘पीएएच’ गटातली रसायनं तयार होतात. ती चरबीत विरघळतात, म्हणून आईच्या फुप्फुसातून रक्तात आणि वारेतून बाळाकडे जातात. त्यांतलं बेन्झोपायरीन मुळात डीएनएला चिकटत नाही. शरीर ते बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलू लागतं आणि मधल्या टप्प्यावर जे रूप तयार होतं, तेच डीएनएमधल्या ग्वानीन या घटकाला जाऊन घट्ट बसतं. या जोडाला अॅडक्ट म्हणतात. पेशी बिघडलेला तुकडा कापून नवा बसवते. दुरुस्तीआधीच पेशी विभागली, तर मात्र नक्कल चुकू शकते. आणि गर्भात पेशी सतत विभागत असतात.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका पेरेरा आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान न करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पाठीला हवा मोजणारं यंत्र दोन दिवस लावलं, बाळंतपणात आईचं आणि नाळेचं रक्त तपासलं. बाळाला पोहोचणारी मात्रा आईच्या सुमारे दहावा हिस्सा धरतात, तरी बाळांमधले अॅडक्ट जवळपास आईइतकेच निघाले. इतक्या लहान जिवाची झीज भरून काढण्याची ताकद अजून कच्ची असते.

रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद ठेवा, झोपायची खोली मागच्या बाजूला घ्या. एवढं पुष्कळ झालं.

पाणी चुलीवर तापवतो, मीही मशेरी लावते. सासूबाई म्हणतात, आमची पोरं धडधाकटच झाली.

ताई, मशेरी आजच सोडा. तंबाखू काळी होईपर्यंत भाजली की त्यात हीच रसायनं येतात, शिवाय निकोटिन वारेचा रक्तपुरवठा कमी करतं. सासूबाईंची मुलं धडधाकट आहेत याचा मलाही आनंद आहे. पण अशी इजा डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक बाळात सारखी होत नाही. चुलीपुढे बसायचं काम या महिन्यांत घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावं. हे मी खास तुमच्या घरच्या पुरुषांना सांगतो आहे.

आमच्या गावाजवळ कोळशावरचं वीजकेंद्र आहे. आता काही करून उपयोग आहे का? नुकसान तर होऊन गेलं असेल.

उपयोग आहे, आणि त्याचा पुरावा चीनमध्ये आहे. चोंगचिंगजवळच्या टोंगलियांगमध्ये प्रदूषण रोखण्याची साधनं नसलेलं कोळशाचं वीजकेंद्र २००४मध्ये सरकारने बंद केलं. २००२मध्ये जन्मलेल्या आणि २००५मध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेचं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा नंतरच्या बाळांत अॅडक्ट स्पष्टपणे कमी होते. आधीच्या गटात जास्त अॅडक्ट आणि दोन वर्षांच्या वयातला मागे राहिलेला विकास यांचा संबंध दिसला होता. नंतरच्या गटात तो दिसला नाही.  मधल्या काळातला मोठा बदल हवेचा होता. म्हणून ग्रामसभेत धुराचा प्रश्न मांडताना गरोदर बायकांची नावं पुढे करून त्यांनाच पथ्यं सांगू नका. चिमणीवर नियंत्रण मागा.

सोनोग्राफीत किंवा रक्ताच्या तपासणीत ही इजा कळते?

नाही. अॅडक्ट संशोधनात मोजतात, एकेका बाळाचं भविष्य सांगायला नव्हे. यासाठी कुणी महागडी चाचणी सुचवली तर पैसे खर्चू नका.

पतीला सिगारेटची सवय आहे. आम्ही यंदा मूल व्हावं असं ठरवलंय. दोष पुढच्या पिढीत उतरेल का?

गर्भात त्वचेच्या, रक्ताच्या पेशींना झालेली इजा त्या बाळापुरतीच राहते. पिढीत उतरतो तो बीजपेशींमधला बदल. सिगारेटचा धूर शुक्राणूंच्या डीएनएला इजा करतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तेव्हा तुमच्या पतीने प्रयत्नांच्या किमान तीन महिने आधी सिगारेट बंद करावी, आणि दिवस राहिल्यावरही घरात ओढू नये.