वाचक विचारतात: आमचा ‘शहर दक्षिण’ कुठं गेला?

प्रश्न: वडिलांचं जुनं मतदार ओळखपत्र परवा कपाटात सापडलं, त्यावर मतदारसंघ ‘सोलापूर शहर दक्षिण’ छापलंय. आम्ही तर त्याच घरात राहतो, पूर्व भागात, आणि माझ्या यादीत ‘सोलापूर शहर मध्य’ येतंय. मित्र म्हणतो दक्षिण अजून आहे, तिथं आमदार सुभाष देशमुख आहेत. मग वडिलांचं कार्ड चुकीचं होतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: कार्ड बरोबर, तुम्ही पण बरोबर आणि मित्र पण बरोबरच, गोंधळ नावांनी घातलाय. २००४ पर्यंत आपल्याकडं ‘दक्षिण’ दोन होते की. एक ‘सोलापूर शहर दक्षिण’, म्हणजे गावातलाच, आणि दुसरा ‘दक्षिण सोलापूर’, म्हणजे मंद्रूपकडचा ग्रामीण तालुका. बाहेरगावचा माणूस तर सोडाच, आपल्यातलेच कितीतरी जण रिझल्टच्या दिवशी चुकीच्या ‘दक्षिण’चे आकडे बघून नाचलेले असणार.

मग २००१ ची जनगणना धरून मतदारसंघांची फेररचना झाली, ती लागू झाली २००९ च्या इलेक्शनपासून. जिल्ह्यात आधी १३ आमदार होते ते ११ झाले. त्यात शहर दक्षिण हे नाव गेलं, त्याचा बराच भाग धरून ‘शहर मध्य’ केला, आणि शहराच्या दक्षिणेचा नवा वाढलेला भाग, जुळे सोलापूर वगैरे, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावांना जोडून दिला. त्यामुळं आता एकाच आमदाराकडं जुळे सोलापुरातला फ्लॅटवाला ड्रेनेजची तक्रार घेऊन जातो आणि भीमाकाठचा शेतकरी उसाच्या पाण्याची, नदीपलीकडं लगेच कर्नाटक. माझं मत विचाराल तर ही मोट काय जमली नाही, पण लोकसंख्या सारखी करायची म्हटलं की रेघ कुठंतरी मारावीच लागते.

आता तुमच्या वडिलांच्या शहर दक्षिणबद्दल थोडं जास्त सांगतो कारण तो साधा मतदारसंघ नव्हता. यंत्रमागाची खटखट, चादर-टॉवेलचे कारखाने, दारात सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी उर्दू आणि चार गल्ल्या सोडून कन्नड. असल्या कामगार वस्तीतून नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, माकपच्या तिकिटावर तीनदा निवडून आले, १९७८, १९९५ आणि २००४. सलग नाही हां, मधी पडले पण. साखरपट्टा आणि काँग्रेसचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, तिथं विळा-हातोडा निवडून यायचा ही गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही.

२००९ ला शहर मध्य झाल्यावर काँग्रेसच्या प्रणिती शिंदे आल्या, आणि २००९, २०१४, २०१९ अशी हॅट्ट्रिक केली. मास्तर उभे राहत गेले पण आले नाहीत. याला कारणं बरीच आहेत. हद्द बदलली हे एक, २०१४ पासून एमआयएम उतरली आणि त्या वर्षीपासून प्रत्येक वेळी दुसऱ्या नंबरवर राहिली हे दुसरं, म्हणजे भाजपविरोधी किंवा कामगार म्हणून एकत्र पडणारी मतं फुटली. पण मला सगळ्यात विचित्र वाटतं ते तिसरं. मास्तरांच्या युनियननं विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, १०,००० घरं, २००६ मध्ये चाव्या दिल्या. नंतर तिथंच रे नगर, एकूण ३०,००० घरांचं, त्यातल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते. आता कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, शहर मध्यमध्ये येतच नाही. म्हणजे बघा, ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडले त्यांना घर मिळालं, त्यांनी बाडबिस्तरा हलवला, नाव तिकडच्या यादीत घातलं, आणि मत गेलं मतदारसंघाच्या बाहेर! यानंच ते पडले असं मी म्हणत नाही, पण असा नेता दुसरीकडं कुठं बघायला मिळंल सांगा.

२०२४ ला प्रणितीताई लोकसभेला गेल्या आणि त्याच वर्षी विधानसभेला शहर मध्यमधून भाजपचे देवेंद्र कोठे आले. गंमत म्हणजे त्यांचे काका महेश कोठे त्याच निवडणुकीत बाजूच्या शहर उत्तरमधून शरद पवार गटाकडून उभे होते, आणि तिथं पडले, कारण विजयकुमार देशमुखांनी शहर उत्तर २००४ पासून सोडलेलाच नाही. एकच घर, एकच शहर, दोन चिन्हं. सोलापूरकराला याचं काही वाटत नाही.

आणि तुमच्या मित्राला सांगा, दक्षिण सोलापूरला पण इतिहास आहे. सुशीलकुमार शिंदे जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा पोटनिवडणुकीत ते याच दक्षिणेतून निवडून आले. त्यांची पहिली आमदारकी मात्र करमाळ्याची, ती पण पोटनिवडणूकच, १९७४ ची.

वडिलांचं कार्ड टाकू नका, पण मतदानाला जाताना यादीत नाव कुठल्या भागात आहे ते आधी बघून घ्या. कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा यादीत नाव असणं महत्त्वाचं.

प्रश्न: आम्ही बार्शीचे, कलेक्टर सोलापूरचा, एसपी सोलापूरचा, मग खासदार धाराशिवचा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: कारण लोकसभेची रेघ जिल्हा बघून थांबत नाही. जिल्ह्यातले ११ आमदार तीन खासदारांत वाटलेत. सोलापूर लोकसभेत सहा (शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर), माढा लोकसभेत चार (करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस) आणि उरली ती तुमची एकटी बार्शी, ती धाराशिवात. माढ्यात तर साताऱ्याचे फलटण आणि माण पण घातलेत, म्हणजे तिकडच्या लोकांचं दुखणं तुमच्यासारखंच. बाकी बार्शीचा बाजार, नातीगोती, दवाखाने हे सगळं आधीपासून मराठवाड्याशी जोडलेलंच आहे, त्यामुळं निदान खासदार भेटायला लांब जावं लागत नाही.