चार हप्ते भरलेली एंडोमेंट पॉलिसी मोडून एसआयपी सुरू करावी का?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी मांडतो. वय 34, पगार महिना 60 हजार, बायको आणि एक मूल पदरात. 20 वर्षांची, 10 लाख विमा रकमेची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी), वर्षाला 50 हजार हप्ता. चार हप्ते भरले, पाचवा पुढच्या महिन्यात. बोनस विमा रकमेच्या दर हजारामागे वर्षाला 45, म्हणजे आजवर 1 लाख 80 हजार जमा. मोडली तर 1 लाख 10 हजार मिळतील असं शाखेने सांगितलंय. मित्र म्हणतात मोडा आणि एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) सुरू करा, एजंट म्हणतो मोडू नका.

दोघंही एक गोष्ट सोडून बोलतायत. मोडणं आणि चालू ठेवणं यांच्यामध्ये पेड-अप नावाचा तिसरा रस्ता आहे. हप्ते थांबवायचे, पॉलिसी मात्र मोडायची नाही. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते: 20 पैकी 4, म्हणजे 10 लाखांचे 2 लाख. जमा बोनस तसाच राहतो, पुढचा मिळत नाही. मुदत संपली की 3 लाख 80 हजार हातात.

आता हिशोब. भरलेले 2 लाख विसरा, ते कुठल्याच रस्त्याने आज परत येत नाहीत. आज हातात येऊ शकतात ते 1 लाख 10 हजार. ते न घेता पेड-अप केलं तर 16 वर्षांनी 3 लाख 80 हजार, म्हणजे वर्षाला साधारण 8 टक्के. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 वर आहे. वर हप्ता विमा रकमेच्या 10 टक्क्यांच्या आत असल्याने मुदतीअखेरची रक्कम करमुक्त. जोखीम न घेता यापेक्षा फारसं चांगलं तुम्हाला सहज सापडणार नाही, त्यामुळे मोडायचा विचार सोडा.

राहिला प्रश्न हप्ते चालू ठेवायचे का. बोनस 45 वर टिकला तर अखेरीस 10 लाख अधिक 9 लाख, एकूण 19 लाख मिळतील. पहिल्या दिवसापासून मोजलं तर हा परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो, आणि मित्र तोच आकडा तोंडावर फेकतात. पण तुमचा निर्णय पुढच्या 16 हप्त्यांचा आहे. पेड-अपचे 3.80 लाख तसेही मिळणार, म्हणजे पुढचे 8 लाख भरून जादा मिळतात ते 15 लाख 20 हजार. त्याचा दर 7.2 टक्के. बोनस 40 वर घसरला तर 6.6. पुढचा बोनस कुणी लिहून देत नाही, हे एजंटच्या कागदावर नसतं. त्याच्या छापील तक्त्यात 4 आणि 8 टक्क्यांचे रकाने असतात. ते गुंतवणुकीवरच्या कमाईचे गृहीत दर आहेत, तुमच्या हातात येणारा परतावा नव्हे.

हे स्वतः तपासा. एक्सेलमध्ये रेट फंक्शन घ्या आणि क्रमाने भरा: 16, उणे 50000, 0, 1520000, आणि शेवटी 1. हा शेवटचा 1 बहुतेक लोक विसरतात. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला जातो हे तो सांगतो. तो नसेल तर दर उगाच जास्त दिसतो.

याच रीतीने बारा हप्ते झालेल्या पॉलिसीचं गणित करून बघा: उरलेल्या आठ हप्त्यांवर 14 टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणून ‘एंडोमेंट दिसली की मोडा’ हा सल्ला जुन्या पॉलिसीला लावणं म्हणजे शुद्ध नुकसान. अर्धी मुदत ओलांडलेली असेल तर मी सहसा हात लावू देत नाही. मनीबॅकमध्ये (मुदतीत अधूनमधून पैसे देणारी पॉलिसी) मधले पैसे वजा होतात आणि युलिपचे (बाजाराशी जोडलेली पॉलिसी) नियम निराळे, तिथे हे गणित जसंच्या तसं चालवू नका.

तुमच्या बाबतीत मी पेड-अप करा असं म्हणेन. कारण 7.2 टक्के वाईट आहे असं नाही, तेवढं, किंबहुना जास्तच, तुमच्या पीएफमध्ये मिळतंय (2024-25 चा दर 8.25), आणि सुरक्षित पैसा वाढवायचाच असेल तर व्हीपीएफ (पीएफमध्ये स्वतःहून जादा भरणं) आहे. खरी अडचण विम्याची आहे. वर्षाला 7 लाख 20 हजार कमावणाऱ्या माणसामागे 10 लाखांत घर दीड वर्षसुद्धा चालत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी 1 कोटीची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही), वयाच्या 60 पर्यंतची. तंबाखू, दारू, घरातला मधुमेह, आधीच्या पॉलिसी, सगळं अर्जात लिहा. अर्ज एजंटला भरू देऊ नका, सहीआधी प्रत्येक उत्तर वाचा. पहिल्या तीन वर्षांत दावा आला की कंपनी हीच उत्तरं तपासते. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी चालू ठेवा. त्यात पाचव्या हप्त्याची तारीख आली तरी घाबरू नका, वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत विमा चालू राहतो. तेवढ्यातही टर्म झाली नाही तर पाचवा हप्ता भरून टाका.

मग शाखेतून दोन आकडे लेखी घ्या: आजची सरेंडर (मोडल्यास मिळणारी) रक्कम आणि पेड-अप रक्कम, बोनस धरून. तोंडी आकड्यात बोनस धरलाय की नाही यावरून गोंधळ होतो. पॉलिसी गृहकर्जासाठी बँकेच्या नावे केलेली नाही ना, तेही बघा. आणि बँकेतला ऑटो-डेबिटचा मँडेट बंद करा, नाहीतर हप्ता गुपचूप जात राहील. पेड-अप व्हायला किमान हप्ते लागतात: जुन्या पॉलिसींना तीन वर्षांचे लागायचे, पुढे दोन झाले, 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या योजनांत एका पूर्ण वर्षाचा पुरतो. तुमचे चार झालेत, चिंता नाही.

वाचलेल्या 50 हजारांतून टर्मचा हप्ता पंधरा हजारांच्या आसपास जाईल, तब्येतीनुसार थोडा इकडे-तिकडे. उरलेले आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक होईपर्यंत बँकेत, नंतर इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) महिन्याला तीनेक हजार. ही एसआयपी दोन वर्षांत बंद पडणार असेल, तुमचा स्वभाव तुम्हालाच माहीत, तर पॉलिसी चालू ठेवलेली बरी.

पुढे विचार बदललाच तर पेड-अप झालेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांत, थकलेले हप्ते व्याजासह भरून आणि तब्येतीचं निवेदन देऊन पुन्हा सुरू करता येते. मोडलेली येत नाही.