रेनकव्हर लावूनही सॅक भिजते, काय करू?

प्रश्न : जुलैत आम्ही पाचजण लोणावळ्याहून चालत राजमाचीला जाणार, रात्री उधेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कर्जतला उतरणार. मागच्या पावसाळ्यात रेनकव्हर असूनही स्लीपिंग बॅग आणि कपडे चिंब झाले होते. महागाची वॉटरप्रूफ सॅक घेऊ का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नका घेऊ, पैसे राहू द्या. रेनकव्हर सॅकला पुढून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते, मग मानेवरून जॅकेटवर ओघळणारं पाणी तिथून आत जातं आणि कव्हरच्या बुडाशी साचतं, आणि नेमकी तिथेच आपण सगळे स्लीपिंग बॅग कोंबतो. वॉटरप्रूफ म्हणून विकतात त्या बऱ्याच सॅकही शिवणीतून आणि चेनमधून झिरपतात. त्यामुळे सॅक भिजणारच असं धरूनच ती भरायची.

प्लास्टिकच्या दुकानातून जाड पॉलिथिनची मोठी पिशवी आणा, सॅकपेक्षा हातभर उंच. आधी ती सॅकमध्ये उभी करा, सगळं सामान तिच्यात, वरचं तोंड पिळून दुमडायचं आणि रबरबँड. कचऱ्याच्या पातळ पिशव्या फाटतात, त्याच असतील तर दोन एकात एक घाला. कव्हरही लावाच, फक्त दोरीने बांधा, उघड्यावर वारा ते उडवून नेतो.

आणि हे खरंच महत्त्वाचं : जॅकेट, खाऊ, टॉर्च बाहेरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे भर पावसात आतली पिशवी उघडायची वेळच येणार नाही, कारण बहुतेकांचं सामान भिजतं ते अशा उघडझाकीतच. रात्रीचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत, आणि तो दिवसा अजिबात घालायचा नाही, सकाळी ओलेच कपडे परत अंगावर चढवायला जिवावर येतं तरीही. जीन्स, सुती टीशर्ट घरीच ठेवा, जुलैत तिथली हवाच इतकी दमट असते की रात्रभर दोरीवर टाकूनही ते वाळत नाहीत. चुलीजवळ वाळवणार असाल तर जरा लांबूनच, पॉलिएस्टरला ठिणगीने लगेच भोक पडतं.

मोबाईल झिपलॉकमध्ये. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी त्यात टाकतात बरेचजण, पण ती आधीच ओल पिऊन बसलेली असते, तिच्यावर भरवसा नको.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी सॅक त्याच दिवशी उलटी करून पंख्याखाली टांगा, नाहीतर बुरशी धरते आणि आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं.