विना-एसी छोट्या गाडीत नंतर एसी बसवावा का? इंजिनाला तो झेपतो का?

जुन्या आठशे सीसीच्या गाडीत बाहेरून एसी बसवला तर इंजिन खलास होते, असे घरचे म्हणतात. ते खरे का आणि खर्च किती, असे आपण विचारले आहे. हेच वाक्य आमचे थोरले भाऊजी गेली कित्येक वर्षे घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकवत आले आहेत, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो. ते खरे नाही.

माझी गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरची, विना-एसी. २००६ साली ती वापरलेली घेतली आणि अकोल्याचा उन्हाळा सुरू होण्याआधी एका गॅरेजात एसी बसवून घेतला. कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) अपघातातल्या गाडीचा, कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या भागात गॅसची उष्णता बाहेर टाकणारा) व कुलिंग कॉइल (आतली हवा गार करणारी) नवे, असा मजुरीसह १९,००० रुपये खर्च आला. ७९६ सीसीच्या आणि जेमतेम ३७ अश्वशक्तीच्या इंजिनातून कंप्रेसर दोन-तीन अश्वशक्ती ओढून घेतो, त्यामुळे चढावर एक गियर खाली यावे लागते, हे मान्य. पण एवढ्याने इंजिन मरत नाही.

आमच्या गाडीचे दुखणे निराळे होते. गाडी पळत असेपर्यंत गारवा उत्तम. रेल्वे फाटकात थांबली की पाच मिनिटांत डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीतून गरम वारा येऊ लागे आणि इंजिन थरथरू लागे. गॅरेजवाल्याचे निदान ठरलेले होते, "गॅस कमी झाला." एप्रिल-मे या दोन महिन्यांत त्याने तीनदा गॅस भरला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. मे महिन्यात लग्नासाठी अमरावतीला जाताना मूर्तिजापूरजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा मागच्या सीटवर डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलेले भाऊजी म्हणाले, "तरी मी सांगत होतो, या इंजिनाचा जीव तो केवढा." आमच्या सौ. हसल्या. ते हसू मला अमरावती येईपर्यंत पुरले.

पुढे आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांची उमर शीतगृहांतली यंत्रे दुरुस्त करण्यात गेली होती, स्वतःचे गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचे काटे, घेऊन आले. गाडी उभी ठेवून एसी लावला, तर कमी दाबाचा काटा ७० पीएसआयवर आणि जास्त दाबाचा ३३० वर गेला. "गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली आले असते, इथे दोन्ही वर आहेत," एवढेच ते बोलले आणि त्यांनी वर्तमानपत्राचा एक कागद गाडीच्या तोंडाकडच्या जाळीसमोर धरला. कंडेन्सरपुढचा पंखा हवा आत ढकलत असता, तर कागद जाळीला चिकटला असता. तो उलट फडफडत त्यांच्या शर्टावर आला. पंख्याच्या दोन तारा कनेक्टरमध्ये अदलाबदल झाल्याने पंखा उलटा फिरत होता, मागचा रेडिएटरचा पंखा हवा आत ओढत होता आणि दोघांच्या भांडणात कंडेन्सर भाजत होता. रस्त्यावर समोरून येणारा वारा हे भांडण मिटवी, म्हणून पळत्या गाडीत गारवा मिळे. त्यात तीनदा भरलेल्या जादा गॅसने दाब आणखी चढला होता, आणि भाऊजींना जी इंजिनाची घरघर वाटली ती त्या दाबाशी झगडणाऱ्या कंप्रेसरची ओढ होती. तारा बदलायला दहा मिनिटे लागली. नंतर सगळा गॅस काढून, अर्धा तास व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा व ओलावा पंपाने ओढून), वजनावर मोजून भरला, तेव्हा उभ्या गाडीत जास्त दाबाचा काटा २३० च्या आसपास स्थिरावला.

गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता जो नुसता गॅस भरतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. स्वस्त म्हणून एलपीजीच्या जातीचा गॅस भरून देणारेही भेटतील. तो पेट घेतो आणि कुलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपाशी असते, एवढे ध्यानात असू द्यावे. आर-१३४ए हा एसीचा गॅस सोडून दुसरे काही भरू देऊ नका.

तुम्हाला बसवायचाच असेल तर क्रँकची पुली (कंप्रेसरचा पट्टा फिरवणारे इंजिनाचे चाक), आयडल-अप (एसी लागताच उभ्या गाडीत इंजिनाचा वेग थोडा वाढवणारी जोडणी) आणि पंख्यासाठी स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच) व फ्यूज या गोष्टींवर घासाघीस करू नये. आयडल-अप नसेल तर सिग्नलवर कंप्रेसरचा क्लच 'टक्' करून लागताच इंजिन बंद पडेल. गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर जुना कधीही घेऊ नये. माझ्या १९,००० रुपयांवरून आजचा अंदाज बांधू नका. तीन ठिकाणी विचारा, आणि ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप नाही त्याचा भाव ऐकूही नका.

एक सांगायचे राहिले. इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरले असेल किंवा रेडिएटर चोंदलेला असेल, तर आधी ते काम करावे लागेल. आणि गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल, तर हा खर्च मी स्वतः केला नसता. भाऊजींच्या गाडीचे इंजिन खरोखरच बसले होते, पण त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान सांभाळणारी झडप) काढून टाकला होता आणि कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातले होते. हेड उघडले त्या दिवशी मी तिथे होतो. गंजाने खाल्लेली ती गॅस्केट (इंजिन आणि हेडमधली पातळ चकती) अजून माझ्या कपाटात आहे, आणि पुढच्या कार्यात विषय निघालाच, तर मी ती सोबत घेऊन जाणार आहे.