निवृत्त जोडपी 'सीनिअर मिशनरी' म्हणून परदेशी जाऊन तरुणांना स्वावलंबन शिकवतात, म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत युटा राज्यातले तुमचे शेजारी साठी उलटल्यावर घराला कुलूप लावून दीड वर्षासाठी परदेशी निघालेत. तिथे ते काय करणार, पगार किती मिळणार, आणि हे शेवटी धर्मप्रसाराचंच काम नाही का? मी आणि माझी बायको त्यांच्याच लॅटर-डे सेंट्स चर्चतर्फे (लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात) फिलिपिन्समध्ये, सेबूला हेच काम करून आलो, म्हणून लिहितोय.

पगाराचं आधी उरकतो. पगार नाही. जेवणखाण, विमा, भाडं सगळं आपल्याच खिशातून. फक्त भाड्याच्या खर्चावर चर्चने २०११ पासून महिन्याची कमाल मर्यादा घालून दिली आहे, एवढाच दिलासा. धर्मप्रसारासाठी दारोदार फिरणं मात्र आमच्याकडे नसतं, ते विशीच्या आतबाहेरची पोरं करतात. नावाची काळी पट्टी आणि 'एल्डर', 'सिस्टर' ही हाक तेवढी आम्हाला आणि त्यांना सारखी.

खरा प्रश्न त्या पोरांचाच आहे. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष मिशन करून घरी परततात. अमेरिकेतला मुलगा परत येऊन कॉलेजात जातो. सेबूतला परत येतो तेव्हा हातात पदवी नसते, बापाचं काम रोजंदारीचं, आणि धाकट्या भावंडांची फी तोंडावर. अशांसाठी चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांनी मार्च २००१ मध्ये शिक्षणकर्जाचा एक कायमचा निधी जाहीर केला. कल्पना १८४९ सालच्या जुन्या निधीवरून घेतलेली. तेव्हा गरीब सभासदांना युटापर्यंत यायला पैसे देत. ते कमवायला लागले की परत करत, आणि त्यातून पुढच्यांची सोय होई. म्हणजे हे कर्ज, फेडायचंच. पण कुठला कोर्स घ्यावा, नोकरी कशी शोधावी, हे ठाऊक नसेल तर कर्ज नुसतं डोक्यावर बसतं. स्वावलंबनाचे गट चालतात ते यासाठी.

गट साधारण बारा आठवडे चालतो, आठवड्याला एक बैठक. आपल्याकडच्या बचत गटासारखं गोल करून बसायचं. फरक एवढाच की पैसे कुणी गोळा करत नाही, गोळा होतो तो शब्द. 'या आठवड्यात मी अमुक करीन' असं प्रत्येकजण सांगतो, मधल्या दिवसांत गटातला ठरलेला जोडीदार फोन करून विचारतो, आणि पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न 'केलंस का?' हाच. शिक्षक नसतो. पुस्तिकेत कुठल्या भागाला किती मिनिटं तेसुद्धा छापलेलं असतं, आणि गट तिथलाच कुणीतरी चालवतो.

मग आम्ही तिथे कशाला? सूत्रधार तयार करायचे, गटांत जाऊन बसायचं, आणि बसल्यावर गप्प राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी नगरकडचा, सहकारी बँकेत कर्ज विभागात उभी नोकरी काढलेली. समोरचा 'धंदा काढायचाय' म्हणाला की माझं तोंड आपोआप उघडायचं, आणि बायको टेबलाखालून पाय दाबायची.

एक उदाहरण सांगतो. एक मुलगी बनाना क्यू विकायची: साखरेत घोळवून तळलेली केळी, काडीला टोचून. रोज सगळी खपायची, तरी महिनाअखेर हात रिकामे. गटाने तिला हिशेब लिहायला लावला. केळी, साखर, तेल, काड्या, कोळसा सगळं लिहिलं, नफा दिसत होता. तेव्हा गटातल्या दुसऱ्या पोरीने विचारलं, 'आणि घरच्यांनी खाल्लेली?' भावंडं येता-जाता उचलत होती, मामी उधारीवर नेत होती, आणि गल्ल्यातूनच तांदूळ येत होते. पुढच्या आठवड्याचा तिचा शब्द होता दोन वेगळे डबे, एक धंद्याचा, एक घराचा, आणि स्वतःला रोजचा ठरलेला पगार. हेच मी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि डबा एकच राहिला असता. तिथे म्हाताऱ्यांचा हात कपाळाला लावायची रीत आहे. आमच्या तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही, त्यामुळे आमचा सल्ला सगळ्यात कुचकामी.

सावकारीचीही एक गंमत आहे. तिथे 'पाच-सहा' नावाचं कर्ज चालतं: पाच हजार घ्या, सहा परत करा, वसुली रोजची, दुकानापाशी येऊन. हा धंदा मोटरसायकलवरून फिरणारे बरेच भारतीय, त्यातही पंजाबी, करतात. सुरुवातीला मला बघून दुकानवाल्या बायका गल्ला बंद करायच्या!

नोकरीच्या गटात गणित ठरलेलं असतं: रोज १५ नवे मार्ग शोधायचे, १० जणांशी बोलायचं, २ जणांना प्रत्यक्ष भेटायचं. शिवाय अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख करून देणं. बायको शाळेत शिकवत असे, ती हे पोरांकडून घोटून घ्यायची. मिशनमुळे इंग्रजी सफाईदार झालेलं, म्हणून कॉल सेंटरमध्ये लगेच घेतात. पण तिथे रविवारची पाळी आली की चर्चची उपासना बुडते. यावर पुस्तिकेत उत्तर नाही, आणि आम्हीही दिलं नाही. काहींनी नोकरी घेतली, काहींनी सोडली.

धर्मप्रसाराचं म्हणाल तर ही पोरं आधीपासूनच सभासद. पण बैठक प्रार्थनेने सुरू होते, गटात बाहेरच्या मित्रालाही येता येतं, आणि आलेल्यांतला एखादा पुढे बाप्तिस्मा घेतो. तेव्हा संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ पासून आहेत. परका येऊन शिकवतो तेव्हा शाळाही मिळते आणि मिंधेपणाही येतो, हे घरात ऐकतच वाढलोय. सेबूत गट तिथलीच माणसं चालवत होती, म्हणून मला ते पटलं. जिथे अमेरिकन जोडपंच फळ्यापाशी उभं राहतं, तिथे नसतं पटलं.

आणि फार अपेक्षाही ठेवू नयेत. हिशेब आला म्हणून गावात नोकऱ्या उगवत नाहीत. आमच्या गटांतली चांगली तयार झालेली पोरंही दुबईला, सौदीला, नाहीतर जहाजावर गेली. केळीवालीचा धंदा मात्र चालू आहे. मामीची उधारी तिने अजून बंद केलेली नाही, फक्त आता ती वहीत लिहिते.