दुप्पट खर्चाच्या सायनस लिफ्टसाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: वरची पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली. सायनसखाली (वरच्या जबड्यातली हवेची पोकळी) 6 मिमी हाड उरलंय. एक डॉक्टर गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडून कलम (हाडाची भर) भरायला सांगतात, इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी बसणारा स्क्रू) आठ महिन्यांनी. दुसरे इम्प्लांटच्या छिद्रातूनच सायनसचा तळ उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवू म्हणतात. पहिल्याचा खर्च दुप्पट आहे. कर्ज काढू की मुदत ठेव मोडू?

उत्तर: कर्ज आत्ता नको. पद्धत डॉक्टरच ठरवतील, पण 6 मिमी हा आकडा तुमच्या बाजूचा आहे. साधारण 5 मिमीच्या वर हाड असेल तर छिद्रातून उचलण्याचा मार्ग बहुधा खुला असतो. त्यात हाड कोरून फेकत नाहीत. ऑस्टिओटोमने (हाड दाबायचं दांड्यासारखं हत्यार) किंवा उलट्या फिरणाऱ्या खास ड्रिलने ते कडेला आणि वर दाबतात, त्यामुळे हाड घट्ट होतं आणि कलमही कमी लागतं. म्हणून पहिल्या डॉक्टरांना सीबीसीटीवर (जबड्याचा 3D एक्स-रे स्कॅन) बोट ठेवून विचारा: इथे खिडकी कशासाठी? हाड मऊ आहे, तळ तिरका आहे, की सायनसमध्ये हाडाचा आडपडदा आहे? कारण ठोस असेल तर जास्तीचा खर्च रास्त. आखूड, 6 मिमीचं इम्प्लांट बसेल का, हेही दोघांना विचारा. बसलं तर कदाचित कलमच लागणार नाही.

आता पैसे. स्वस्त कोटेशन म्हणजे तुमचं पूर्ण बजेट नव्हे. सायनसचं नाजूक अस्तर फाटलं किंवा इम्प्लांटला सुरुवातीची पकड मिळाली नाही, तर काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. म्हणून दोन कोटेशनांमधला फरक बाजूला ठेवा, लगेच काढता येईल अशा जागी. ठेव मोडायचीच तर तेवढ्यापुरतीच मोडा, आणि अंशतः मोडता येते का ते आधी विचारा.

कर्जात अडचण वेगळी आहे. रक्कम बऱ्याचदा पहिल्याच दिवशी क्लिनिकला जाते, हप्ते लगेच सुरू होतात, आणि कॅप मात्र हाड जुळल्यावर, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी बसते. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने द्या: शस्त्रक्रियेला एक भाग, अबटमेंटला (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा तुकडा) दुसरा, कॅप बसल्यावर उरलेला.

कोटेशनवर नुसतं ‘इम्प्लांट पॅकेज’ लिहिलं असेल तर सही करू नका. कलम, मेम्ब्रेन (कलमावर ठेवायचा पातळ पडदा), इम्प्लांट, अबटमेंट, कॅप वेगवेगळं लिहून घ्या. इम्प्लांट पहिल्या वर्षात निघालं तर काय फुकट आणि कशाचे पैसे, हेही लेखी हवं. धूम्रपान करत असाल किंवा साखर आटोक्यात नसेल तर धोका वाढतो; आधी ते, मग खर्च. मात्र वर्षानुवर्षं टाळू नका, उरलेलं हाडही हळूहळू झिजतं.