30 पोती भिजली आणि मागणी साडेतीन लाखांची : सही करण्याआधी हे वाचा

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला. माझा स्वतःचा 14 फुटी टेम्पो आहे, मीच चालवतो, सोबत भाचा असतो. मे महिन्यात 42,000 रुपये खर्चून हौद्यावर गुंडाळी ताडपत्री बसवून घेतली. हँडल फिरवलं की उघडते, मिटते. 3 जुलैला सांगलीहून वाशीच्या मसाला मार्केटला 100 पोती हळद भरली, पोतं 50 किलोचं, भाडं 15,000 ठरलं. बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, माझ्याच नावाच्या पुस्तकातली. घाटात रात्रभर पाऊस झाला. सकाळी ताडपत्री उघडली तर पुढच्या बाजूची 30 पोती भिजलेली. व्यापाऱ्यानं पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, तसं लिहून माझी सही घेतली आणि भाडं थांबवलं. आता तो म्हणतो, सगळ्या मालाची प्रत गेली, साडेतीन लाख दे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दे आणि दोन चेक सही करून दे, नाहीतर पोलिसांत जातो. ताडपत्री बसवणारा हात वर करतो. शिवाय यार्डातले लोक म्हणतात की ही ताडपत्रीच बेकायदा आहे, आरटीओनं धरलं तर दंड होईल. काय करू?

उत्तर : पहिली गोष्ट, आज काहीही झालं तरी ते दोन चेक देऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे, पाऊसही नाही आणि ताडपत्रीही नाही.

आत्ता व्यापाऱ्याची मागणी म्हणजे नुसती मागणी आहे. नुकसान किती झालं हे त्याला सिद्ध करावं लागेल. चेक दिलात की चित्र उलटं होतं. सही तुमची असली तर चेक खऱ्या देण्यापोटीच दिला होता असं कायदा धरून चालतो, आणि तसं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर येतं. चेक परत गेला तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम 138 खाली नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम न लिहिता दिलेल्या चेकनं लोकांची घरं गहाण पडलेली मी पाहिली आहेत. स्टॅम्पपेपरवर "साडेतीन लाख देणं लागतो" असं लिहून दिलंत तर 30 पोत्यांचा मुद्दाच संपतो. पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. फसवणूक किंवा विश्वासघात व्हायला मुळात खोटा हेतू लागतो. तुम्ही माल पोचवला, भिजलेला माल लपवला नाही, पोचेवर सही दिली. हा दिवाणी हिशोबाचा वाद आहे. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलंच तर बिल्टी आणि पोच घेऊन जा आणि जे घडलं ते तसंच सांगा.

आता तुमची जबाबदारी. इथं मी तुम्हाला गोड बोलून खोटा धीर देणार नाही. 2007 चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा, म्हणजे कॅरेज बाय रोड अॅक्ट, भाड्यानं सगळ्यांचा माल नेणाऱ्याला फार कडक बांधतो. माल भिजला, हरवला, फुटला की वाहतूकदार जबाबदार. तुमचा निष्काळजीपणा व्यापाऱ्याला सिद्धही करावा लागत नाही. सुटका फक्त दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा मोजक्या कारणांनी होते, आणि काळजी घेतली असती तर नुकसान टळलं असतं असं दिसलं तर त्याही कारणांचा आधार जातो. जुलैत घाटात पाऊस पडणं ही दैवी आपत्ती नाही. पावसाळ्यात पाऊस येणार हे आपण दोघंही जाणतो, न्यायाधीशही जाणतात. बिल्टीच्या कोपऱ्यात "माल मालकाच्या जबाबदारीवर" असा शिक्का असेल तर त्यावरही विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली, जुन्या कायद्याखालच्या एका वादात, अशा शब्दांनी वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही असंच ठरवलं.

पण हाच कायदा तुमच्या बाजूनं एक भिंतही उभी करतो. जास्त जोखमीचा वेगळा दर ठरवून व्यापाऱ्यानं तो द्यायचं लेखी मान्य केलं नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. तुमचं भाडं 15,000. म्हणजे कमाल 1,50,000, तेही बिल्टी रीतसर असेल तर. साडेतीन लाखांचा आकडा इथंच अडतो. बिल्टीवर मालाची किंमत लिहिलेली असणं वेगळं आणि जास्तीचा जोखीम दर मान्य करणं वेगळं, ही गल्लत व्यापाऱ्याचा वकील हमखास करेल. ही मर्यादा तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या गुन्हेगारी कृत्यातून झालेल्या नुकसानीला लागू नाही, पण तसं इथं काही नाही.

एक अडचण मात्र आहे. या कायद्याखाली वाहतूकदाराची नोंदणी लागते. तुम्ही बिल्टी पुस्तक स्वतःच्या नावानं छापलंय, पण नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर दहा पटींच्या मर्यादेवर समोरचा हरकत घेईल आणि वाद वाढेल. उत्तर पाठवण्याआधी ते कागद वकिलाला दाखवा.

आता खरी रक्कम पाहू. व्यापाऱ्यानं पोचेवर "30 पोती भिजली" असं लिहिलं आणि तुम्ही सही केलीत. लोक अशा सहीला घाबरतात, इथं ती सही तुम्हाला वाचवते. त्याच्याच हस्ताक्षरात 30 आहेत, 100 नाहीत. बाकी 70 पोत्यांची प्रत गेली हे त्याला आता नव्यानं आणि पुराव्यानिशी सांगावं लागेल. तुम्ही कळवलेला त्या दिवसाचा भाव क्विंटलला 13,500 रुपये. 30 पोती म्हणजे 15 क्विंटल, किंमत 2,02,500. भिजलेलं हळकुंड समुद्रात टाकत नाहीत. ते वाळवून, निवडून कमी भावानं विकलं जातं. समजा 9,000 नं गेलं, तर हाती 1,35,000 येतात आणि नुकसान उरतं 67,500. त्यातून तुमचं थांबवलेलं 15,000 भाडं वजा करा. राहिले 52,500. नुकसान आवाक्यात ठेवण्याचा प्रयत्न करणं हे करार कायद्यानं व्यापाऱ्याचंही काम आहे. म्हणून त्याला लेखी विचारा : भिजलेला माल कुठं आहे, कुणाला, कोणत्या भावानं विकला, काटा पावती दाखवा. आणि मालाचा ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा, होता का, दावा केला का, हेही विचारा. विमा कंपनीनं त्याला पैसे दिले असतील तर त्याच नुकसानीचे तो तुमच्याकडून परत घेऊ शकत नाही. मग तुमच्याशी बोलणं विमा कंपनीचं असेल.

एक तारीख वहीत लिहून ठेवा. माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत व्यापाऱ्यानं तुम्हाला लेखी नोटीस दिली नाही तर त्याला दावाच लावता येत नाही. 3 जुलैपासून मोजलं तर ती मुदत 30 डिसेंबरला संपते. पोचेवरचा शेरा हीच नोटीस असं तो म्हणेल, त्यामुळे या मुदतीच्या भरवशावर गप्प बसू नका.

आता ताडपत्री बसवणाऱ्याकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या सात फोटोंपैकी तिसरा मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. केबिनच्या मागच्या बाजूला रबराची पट्टी चौकटीच्या टोकाआधीच चार बोटं संपते आणि तिथल्या पोत्यांवर वरून खाली पिवळ्या रेघा उतरल्यात. पाणी कुठून आलं ते तिथं लिहिलेलं आहे. पाचव्या फोटोत ताडपत्रीला आधार देणाऱ्या दोन कमानींमधलं अंतर इतकं आहे की कापड मध्ये झोळीसारखं लोंबतंय. दोरीनं बांधलेल्या जुन्या ताडपत्रीत आपण मधली पोती उंच रचून तिला छपरासारखा उतार देतो, पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं. गुंडाळी ताडपत्री सपाट ताणलेली असते. कमानी दूर असल्या की मध्ये डबकं साचतं आणि शिवणीतून ठिबकतं. गाडी वेगात असली की पुढच्या फटीतून वारा शिरून पाणी आत ढकलतो. म्हणजे दोष कापडात कमी आणि बसवण्यात जास्त दिसतो, आणि बसवणं ही सेवा आहे. त्या सेवेतल्या त्रुटीबद्दल तुम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता.

तो पहिली हरकत घेईल की तुम्ही ताडपत्री धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. याचं उत्तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात ट्रकचंच उदाहरण दिलं आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहक राहायचा थांबत नाही. तुम्ही आणि भाचा, बरोबर त्यात बसता. (पत्रात दुसरी गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवायचा विचार लिहिलाय, तो तक्रार दाखल होईपर्यंत थांबवता आला तर बरं.)

तक्रार राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे सांगलीला करता येते, तो कारागीर कुठल्याही गावचा असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मागणी तीन भागांत मांडा : ताडपत्रीचे 42,000 किंवा नीट दुरुस्ती, व्यापाऱ्याला शेवटी जे द्यावं लागेल ते, आणि मानसिक त्रास व खर्च. मधला भाग मिळवायचा असेल तर व्यापाऱ्याला दिलेला प्रत्येक रुपया बँकेतून आणि लेखी तडजोडीनंतरच गेला पाहिजे. रोखीनं दिलेत तर आयोगापुढे ते दाखवायचे कसे?

ताडपत्रीचं बिल 20,000 चंच आहे आणि बाकीचे 22,000 तुम्ही दोनदा यूपीआयनं दिलेत, हे वाचून मला हायसं वाटलं. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. कारागिराचा व्हॉट्सअॅप मेसेज, "एक थेंब आत जाणार नाही, गॅरंटी माझी", हा तुमच्या तक्रारीचा कणा आहे. तो नुसता स्क्रीनशॉट म्हणून टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. मात्र फोन बदलू नका, मेसेज खोडू नका.

आणि कृपा करून ताडपत्री घाईनं दुरुस्त करू नका. गाडी उभी ठेवून पोट भरत नाही, हे मला कळतं. म्हणून असं करा : आधी कारागिराला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा की सात दिवसांत येऊन पाहा, नाहीतर मी दुसरीकडून दुरुस्त करून घेईन. मग दोन शेजारी वाहनमालकांसमोर पाण्याचा पाईप सोडून गळती दाखवणारा सलग व्हिडिओ काढा, चौकटीची आणि कमानींमधली मापं टेपनं घ्या, आणि दुसऱ्या कुशल फिटरकडून दोष लेखी घ्या. त्यानंतर दुरुस्ती करा, पण काढलेली रबराची पट्टी फेकू नका. पोत्यात भरून, तारीख लिहून माळ्यावर ठेवा.

यार्डातल्या लोकांच्या म्हणण्याबद्दल. दोरीची ताडपत्री सामान झाकते, ती गाडीचा भाग नसते. गुंडाळी ताडपत्रीच्या कमानी आणि रूळ हौद्याला कायमचे जोडले जातात, म्हणून प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये याचा कडक अर्थ लावला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम 182ए खाली 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचं काम नट-बोल्टचं आहे, वेल्डिंगचं नाही, चॅसीला हात लागलेला नाही, ही जमेची बाजू. तरी रिकाम्या गाडीचं वजन काट्यावर करून आरसीवरच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि बाजूचे रूळ धरून रुंदी 2.6 मीटरच्या आत आहे ना ते मोजा. फरक दिसला तर आरटीओकडे स्वतःहून लेखी अर्ज करा. तपासणी नाक्यावर उत्तर देण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं आहे. पोती ताडपत्रीला वर उचलतील इतकी रचू नका. माल ठरलेल्या उंची-रुंदीबाहेर गेला तर दंड 20,000 आहे, आणि तो ताडपत्रीखाली झाकल्यानं टळत नाही.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. गाडीच्या पॉलिसीत आतला माल येत नाही. विमा एजंटकडे वाहतूकदाराच्या जबाबदारीच्या विम्याची चौकशी करा. तो असता तर आज हा व्यापारी तुमच्याशी नाही, कंपनीच्या सर्व्हेअरशी बोलत असता.

या आठवड्यात व्यापाऱ्याला पाठवायचं उत्तर एका पानाचं असू द्या. 30 पोत्यांचं प्रत्यक्ष नुकसान विक्रीच्या पावत्यांवरून ठरवायला मी तयार आहे, माझं भाडं त्यातून वजा व्हावं, माझी जबाबदारी कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपुढे मी मान्य करत नाही, आणि हे पत्र तडजोडीच्या हेतूनं, माझे हक्क राखून लिहिलं आहे. एवढंच. वकिलाची फी परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील फुकट मिळतो, आणि न बसलात तरी दावा न लावता तडजोडीसाठी तिथं अर्ज करता येतो. जाताना बिल्टी, पोच, फोटो आणि ती रबराची पट्टी सोबत न्या.